नदीचा कौल

खरं सांगा, तुम्ही कधी एखाद्या सरळ माणसाला भर रस्त्यावर बेइमान म्हटलं आहे का?

म्हटलं असेल तर पुढे वाचा. नसेल म्हटलं तरी वाचा, तुमची वेळ अजून यायची असेल. आंजी मोठी गावचे पुंडलिकराव तसं म्हणून बसले. तेही कोणाला, तर नालवाडीच्या ताराचंद शेठना, ज्यांच्या भांड्यांच्या दुकानावर 'एकच भाव' अशी पाटी बापाच्या काळापासून लटकते आहे. आणि कशावरून म्हटलं? पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावरून. नखाएवढा तुकडा, त्यावर रणगाड्याचं चित्र. तो नदी ओलांडून दोन घरं पुढे गेला, एवढ्यावरून.

हसा. नालवाडीही हसली होती.

पुंडलिकराव पहिल्यांदा त्या दुकानात आले ते पितळेचा गुंड घ्यायला. मुलीचं, आचलचं लग्न ठरलं होतं आणि पाण्याचा गुंड आंजीच्या सगळ्या पाव्हण्यांच्या नजरेत भरला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. घरचा शेतकरी माणूस. बाजारात घासाघीस केली नाही तर त्यांना जेवण पचत नाही.

"शेठ, बरोबर लावा भाव."

"बरोबरच लावला आहे जी."

"थोडं खाली या ना."

"मी खालीच बसलो आहो. याच्या खाली फरशी आहे."

पुंडलिकराव रागारागात उठले, वर्ध्याच्या बाजारात चार दुकानं फिरले आणि तोंड पाडून परत आले. बाकीचे दुकानदार आधी आकाशाला भिडत, मग उपकार केल्यासारखे उतरत, आणि उतरून उतरूनही ताराचंदच्या वरच राहत. त्यांनी मुकाट्याने गुंड घेतला. निघताना नजर गल्ल्याशेजारच्या स्टुलावर गेली. तिथे एक मोठा रंगीत नकाशा पसरला होता, मधाच्या पोळ्यासारख्या सहा कोनांच्या घरांचा. मधून निळी नदी. दोन्ही काठांवर लाल आणि निळे पुठ्ठ्याचे तुकडे.

"हे का जी? कोन्या धरणाचा नकाशा?"

"लढाई आहे," ताराचंद म्हणाले. "कोणी खेळाले नाई म्हणून दोन्हीकडून मीच खेळून राह्यलो. बसता का? लाल पलटणी तुमच्या."

बाहेर ऑटोत कौशल्याबाई, म्हणजे पुंडलिकरावांच्या घरच्या, गुंड मांडीवर घेऊन वाट पाहत बसल्या. त्यांनी तो दिवस नवऱ्याला आजतागायत माफ केलेला नाही.

तो खेळ ताराचंदच्या मुलीने, रक्षाने, पुण्याला शिकायला असताना फुटपाथवरून आणला होता. परदेशातला. कुठल्या तरी जुन्या महायुद्धातली नदीकाठची लढाई. बाईविना घर झाल्यावर बापाचे इतवार कसे जातात हे पोरीला दिसत होतं, म्हणून आणला. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. तिने एका सुट्टीत बसून सगळं मराठीत समजावलं, आणि ताराचंदनी ते भांड्यांच्या भावांसारखं डोक्यात ठेवलं. त्यांच्या दुकानात एकाही भांड्यावर किमतीची चिठ्ठी नव्हती. परातीपासून चमच्यापर्यंत सगळे भाव त्यांच्या तोंडात.

गुंड घेतला तो दिवस इतवारचा होता; तेव्हापासून पुंडलिकराव दर इतवारी येऊ लागले. आंजीहून सकाळचं दूध घेऊन निघणाऱ्या गाडीत बसायचं, नालवाडीला उतरायचं, उन्हं कलली की परत. शेतीची कामं ऐन रंगात असली की कौशल्याबाई म्हणायच्या, "जा, जा. तिकडं फौज उपाशी बसली असन तुमची." हा माणूस तरीही जायचा.

आता नियमांची गोष्ट. खेळ मोठा होता आणि पुस्तक लहान. पुस्तक लिहिणाऱ्याने काही वाक्यं अशी लिहून ठेवली होती की त्यातून दोन अर्थ निघावेत आणि दोन भली माणसं एकमेकांच्या उरावर बसावीत. रेल्वेने निघालेली तुकडी मध्येच जंगलात उतरू शकते का? पुस्तक गप्प. दलदलीतून मागे हटताना तोफा सोडाव्या लागतात का? पुस्तक गप्प. रक्षाने एकदा मोबाइलवर शोधून पाहिलं, तर तिकडचे गोरे लोकही त्याच वाक्यांवरून वर्षानुवर्षं भांडत बसलेले.

"म्हणजे ते आपल्यासारखेच येडे आहे," ताराचंद म्हणाले. "त्याईले काय विचारता? रस्त्यावरच्याले विचारू."

आणि त्यांनी कौलाची रीत पाडली. नियम अडला की दोघांपैकी एकाने दुकानाच्या पायरीवर जायचं आणि जाणाऱ्या माणसाला हाक मारायची. तो माणूस हा खेळ माहीत असलेला नको. कोणाची चाल आहे हेही त्याला कळायला नको. त्याला पलटण, रणगाडा काही सांगायचं नाही, सवाल इकडचा करून विचारायचा. तो जे सांगेल तो कौल. कौल झाला की वाद नाही, आणि पुढच्या सगळ्या डावांना तोच नियम. माणसाला चहा पाजून वाटेला लावायचं.

रेल्वेचा कौल एका दूधवाल्याने दिला. "मधात कसे उतरान जी? गाडी ठेसनावरच थांबते. चेन वढली तर पोलीस येते." झालं, जंगलात उतरणं बंद. दलदलीचा कौल धान निंदायला जाऊन आलेल्या एका बाईने दिला. "गाऱ्यात पाय फसला का मानूस चप्पल सोडते आन् जीव घेऊन निंघते." झालं, तोफा सोडायच्या. एकदा एक प्राध्यापक सापडले. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की दोन्ही बाजूंनी विचार करता येईल. ताराचंदनी त्यांना चहा दिला नाही.

"हे लिहून ठेवू ना एका कागदावर," पुंडलिकराव एकदा म्हणाले. "उद्या विसरलो तं?"

ताराचंद दुखावले. "लिहून कोण ठेवते? ज्याले समोरच्यावर भरोसा नाई तो. बोल म्हणजे बोल, पुंडलिकराव. मी भाव लिहून ठेवतो का?"

पुंडलिकरावांना ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. आपल्याला कोणी इतक्या वरच्या जातीचं इमान बहाल केलं आहे, ह्याने ते आंजीपर्यंत छाती काढून गेले. असे त्या दोघांचे सगळे नियम दोन डोक्यांत राहिले. दुसरीकडे कुठेही नाही.

सगळ्यात मोठा वाद नदीचा होता. पुस्तकात एवढंच: नदी ओलांडणाऱ्या तुकडीची चाल संपते. अरे पण कुठे संपते? ताराचंद म्हणत, अलीकडच्या काठावर. तुकडीने काठाशी येऊन थांबावं, नावा जमवाव्या, तयारी करावी; एकदा तयारी झाली की पुढच्या चालीत पार होऊन बेधडक पुढे सुटावं. पुंडलिकराव म्हणत, पलीकडच्या काठावर. पार झाली की दम घेतलाच पाहिजे. साधी गोष्ट वाटते, पण सगळा डाव तिच्यावर होता. नदीपलीकडे दोनच घरांवर लाल फौजेचं रसदीचं ठाणं होतं. ताराचंदचा नियम धरला तर निळे रणगाडे एका उडीत ठाणं घेणार. पुंडलिकरावांचा धरला तर लाल फौजेला अडवायला एक चाल मिळणार.

तेव्हा पायरीखालून कपाशीच्या पऱ्हाट्यांनी भरलेली बंडी चालली होती. ताराचंदनीच हाक मारली. "बावाजी, जरा थांबा. नदीतून बंडी काढली का लगेच पुढं हाकलता येते, का तिकडच्या काठावर थांबा लागते?"

म्हातारा बंडीवाला त्यांच्याकडे पाहतच राहिला. "लगेच हाकलता? बैल आहे का लोखंड आहे? थांबा लागते. बैलाची छाती भरते ना जी."

ताराचंदनी दोन्ही हात जोडले. "कौल झाला. पुंडलिकराव, जितले तुम्ही." आणि इतकी वर्षं त्यांनी तो पाळला. नदी पार झाली की निळी तुकडी काठावर ठेवायची, बोट उचलायचं आणि म्हणायचं, "बैलाची छाती भरली." हे न म्हणता त्यांनी एकही नदी ओलांडली नाही.

मग तो इतवार आला.

ऊन मरणाचं होतं. शेजारचे ओमप्रकाश, पानठेलेवाले, गिऱ्हाईक नाही म्हणून पाहायला येऊन बसले होते. त्यांच्यासोबत आणखी दोघं-तिघं रिकामे. ताराचंदनी निळा रणगाडा अलीकडच्या काठावरून उचलला, नदीपार ठेवला आणि बोट न उचलता तसाच दोन घरं पुढे सरकवून ठाण्यावर आणला.

"ठाणं गेलं," ते म्हणाले.

पुंडलिकराव हसले. "शेठ, नदी."

"नदीचं का?"

"थांबा लागते ना. कौल आहे."

"कोणता कौल?"

"घ्या! बंडीवाल्याचा."

"कोण बंडीवाला? असा काई कौल झाला नाई." ताराचंद शांतपणे बोलत होते. "नियम साफ आहे, पुंडलिकराव. तुकडी अलीकडच्या काठावर थांबते. नावा जमवते, तयारी करते. एकदा तयारी झाली का मंग पार होऊन पुढं सुटते. मी मागच्या चालीतच थांबलो होतो."

शब्दन् शब्द तोच. कित्येक वर्षांपूर्वी त्यांनी जी बाजू मांडली होती तीच, त्याच क्रमाने, नावांसकट. पुंडलिकरावांच्या डोक्यात तिथेच ठिणगी पडली. ह्या माणसाला स्वतःची बाजू सगळी आठवते आणि तिच्या विरुद्ध लागलेला कौल तेवढा आठवत नाही?

"झोल करून राह्यले का शेठ?"

ओमप्रकाश खिदळले. "अरे, शेठ भी झोल करते का? एकच भाव आहे ना बाप्पा याईचा!"

"मी खोटं बोलतो म्हणता?" ताराचंदनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"मी का म्हणू? तो बोर्ड म्हणून राह्यला." पुंडलिकराव उठून उभे राहिले, पाटीकडे बोट केलं. "उतरवा तो बोर्ड! जितायचं आलं तं भाव बदलवला ना तुम्ही? इतके दिवस बंडीवाला आठवत होता, आज ठाणं दिसलं तं बंडीवाला मेला? बेइमान आहे तुम्ही. बेइमान!"

रस्त्यावरचे लोक थांबले. दोघांनी मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. चहाच्या टपरीवरून आणखी माणसं आली. आपल्याकडे पाण्याचा टँकर आला नाही तर अर्ज करायला माणूस मिळत नाही, पण दोन म्हाताऱ्यांचं भांडण पाहायला मिनिटात गर्दी होते.

ताराचंद स्टुलाकडे वळले. त्यांनी नकाशाची घडी घातली. तुकडे डब्यात भरताना काही खाली पडले, ते वेचायला वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. उठले तेव्हा म्हणाले, "दुकान बंद करायचं आहे." भर दुपार होती. त्यांनी शटर ओढलं.

पुंडलिकराव आंजीला परतले ते जिंकल्यासारखे. चावडीवर, बसथांब्यावर, जो भेटेल त्याला सांगितलं. इमानाचं मोठं सोंग होतं, उघडं पाडलं. पण इतवार आला की सकाळची दुधाची गाडी फाट्यावर भोंगा देई आणि ते उगाच गोठ्यात जाऊन उभे राहत.

"जाऊन या एक वेळा," कौशल्याबाई म्हणाल्या.

"मी काऊन जाऊ? त्यानं यावं. चूक त्याची आहे."

"पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी?"

"तुकड्यासाठी नाई वं. बोलासाठी."

पावसाळा गेला. कपाशी वेचायला आली. एक दिवस शेजारच्या आनंदाबाई वेचणीला आल्या आणि शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, डबा सोडता सोडता बोलू लागल्या. "भाऊजी, तुमचा तो नालवाडीचा दोस्त! पक्का निंघाला. मी दिवाळीच्या आधी एक कढई आणली त्याच्या दुकानातून. दुसऱ्या दिवशी माही जाऊ गेली, तशीच कढई, तं तिले भलताच भाव! आन् तिच्यासमोरच दुसऱ्या बाईले तिसराच सांगितला. मी म्हणो का, पुंडलिकभाऊजी बरोबरच बोलले होते. लबाड आहे मेला."

पुंडलिकरावांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. पाहा, सांगत नव्हतो? मग त्यांनी विचारलं, "जावेले जास्त सांगितला का?"

"ना. निम्म्यातच देली तिले. फुकटात पडली म्हणा ना. तिसरीले त्याच्याहून कमी."

पुंडलिकरावांच्या हातातली भाकर हातातच राहिली. लबाड दुकानदार वर जातो. खाली जाणारा लबाड त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, आणि हा तर ताराचंद, ज्याच्या खाली फरशी होती. भाव बदलत नव्हता तो. भाव त्याला सापडत नव्हते. सगळे भाव तोंडात होते, चिठ्ठी एकाही भांड्यावर नव्हती, आणि तोंडातले भाव निघून चालले होते.

आणि कौलही तिथेच ठेवलेले होते.

ते जेवण तसंच टाकून उठले. "मी येतो," एवढंच म्हणाले. अंगावर वेचणीचे कपडे, डोक्याला फडकं, तसेच फाट्यावर गेले आणि मिळेल त्या गाडीला लटकले.

दुकानात शिरले तर पहिली दिसली ती भांडी. प्रत्येक परातीवर, प्रत्येक डब्यावर, लोट्यावर पांढरी चिठ्ठी. छापील किंमत. सगळं दुकान पट्ट्या बांधलेल्या रोग्यासारखं. गल्ल्यावर रक्षा होती. पुण्याची नोकरी सोडून आली होती.

"काकाजी," ती उठली. तिच्या तोंडावर राग होता आणि तो लपवायचं तिने काही कारण ठेवलं नाही. "आठवण आली का?"

"पोरी, कधीपासून?"

"आम्हाले कळलं दिवाळीत. पण डॉक्टर म्हणे आधीपासून असन. आधी हिशेब गेला, मंग नावं. लोक म्हणे, वय झालं, होते तसं. अन् अर्ध्या गावानं व्हिडिओ पाहून ठरवलं का म्हातारा लबाड झाला." ती थांबली. "तुम्ही येणं बंद केल्यावरही ते दर इतवारी पट मांडत. लाल पलटणी तुमच्या बाजूनं लावत. दोन-तीन महिने. ओमप्रकाशकाका म्हणत, शेठ, तो नाई येत आता. तं म्हणत, गाडी उशिरा आली असन."

पुंडलिकरावांनी डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

ताराचंद मागच्या खोलीतून आले. इस्त्रीचा शर्ट, गुंडी एक घर चुकलेली. त्यांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं आणि दुकानदाराचं हसू हसले.

"या जी, या. का दाखवू? गुंड पाहिजे का? लग्नाचा आहे का?"

"शेठ, मी पुंडलिक. आंजीचा."

"हाव, हाव. आंजीचे लय गिऱ्हाईक आहे आपले. बसा."

पुंडलिकराव बसले नाहीत. सगळ्या वाटेने जे घोकत आले होते ते तसंच उभ्याने बोलले. "शेठ, मी तुम्हाले बेइमान म्हटलं होतं. इथंच. लोकाईसमोर. माह्यं चुकलं. मले माफ करा."

ताराचंदनी नीट ऐकून घेतलं. मग समजूत घालावी तसे मान हलवून म्हणाले, "मले? नाई जी. दुसऱ्या कोणाले म्हटलं असन तुम्ही. मले तसं कोणी म्हणत नाई. एकच भाव आहे आपला." आणि त्यांनी वर पाटीकडे बोट दाखवलं.

आता सांगा, माफी कोणाकडे मागायची? ज्याने द्यायची तो तिथे नव्हता. समोर एक भला दुकानदार उभा होता आणि ह्या रडणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाला पाणी आणायला पोरीला सांगत होता.

रक्षानेच मग पट आणून मांडला. काही सुचेना म्हणून मांडला असेल. आणि ताराचंदचे हात आपोआप चालू लागले. निळे रणगाडे अलीकडच्या काठावर, तोफा टेकडीवर, रेल्वे डावीकडे. एकही तुकडा चुकला नाही. नावं गेली, मुलीच्या आईचं मरण गेलं, कढईचा भाव गेला, पण ही मांडणी बोटांत राहिली होती.

"बसता का?" त्यांनी विचारलं. "लाल पलटणी तुमच्या."

पुंडलिकराव बसले. चाली झाल्या. ताराचंदनी रणगाडा उचलला, नदीपार ठेवला, पुढे सरकवला. एक घर. दुसऱ्या घरावर त्यांचा हात थबकला. बोट तुकड्यावर तसंच. कपाळावर आठी आली.

"इथं काई तरी होतं," ते म्हणाले. "नदीपाशी. काई तरी म्हणत होतो मी इथं. का म्हणत होतो?"

"काई नाई शेठ. बरोबर आहे चाल. घ्या ठाणं."

"तुम्ही कसे सांगता? तुम्ही तं खेळून राह्यले." आवाजात जुना ताराचंद होता. "खेळणाऱ्याचा शब्द चालत नाई. कौल घ्या लागते." आणि ते उठून पायरीवर गेले.

कॉलेजातली एक मुलगी स्कूटी लावत होती. तिला हाक मारून त्यांनी विचारलं, "बेटा, नदीतून बंडी काढली का लगेच पुढं हाकलता येते, का तिकडच्या काठावर थांबा लागते?"

मुलीने हसून विचार केला. बिचारीने मनापासून उत्तर दिलं. "थांबावं लागत असेल ना काका. बैल दमतील."

ताराचंद परत आले. बसले. रणगाड्याकडे पाहत राहिले. मग तो उचलून हातात घेतला. "थांबा लागत होतं. मी थांबलो नाई. म्हणजे मी खोटी चाल केली." त्यांनी पुंडलिकरावांचं मनगट धरलं. "मी बेइमानी केली का? कोणी तरी म्हटलं होतं मले. बेइमान. कोण म्हटलं होतं? मी केली का जी बेइमानी?"

भांडण गेलं होतं. भांडणारा गेला होता. तो इतवार, ती गर्दी, बंडीवाला, सगळं धुऊन गेलं, आणि नेमका एक शब्द गाळासारखा खाली बसून राहिला होता. पुंडलिकरावांनी स्वतःच्या हाताने टाकलेला.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत ताराचंद ते एकच विचारत राहिले. रक्षा समजावून थकली. जेवले नाहीत. पुंडलिकराव शेवटची गाडी सोडून तिथेच बसून राहिले, मनगट त्यांच्या हातात देऊन.

पुढच्या इतवारी पुंडलिकराव पुन्हा आले. ताराचंदनी पुन्हा विचारलं, "गुंड पाहिजे का?" पुन्हा पट मांडला. पुन्हा नदीपाशी हात थबकला, पुन्हा ते कौल घ्यायला पायरीकडे निघाले. पण ह्या वेळी पुंडलिकराव त्यांच्या आधी दाराबाहेर पडले होते. ज्या माणसाने बोल मोडला म्हणून दोस्त तोडला, तो माणूस रस्त्यावर एका भाजीवाल्याच्या पाया पडायचा बाकी होता.

"भाऊ, आत्ता एक म्हातारा तुले विचारीन. नदीतून बंडी काढून लगेच हाकलता येते का म्हणून. हाव म्हणजो."

"काऊन जी? मले का मालूम बंडीचं?"

"हाव म्हणजो ना बाप्पा. हात जोडतो तुले."

भाजीवाला 'हाव' म्हणाला. "हाकलता येते ना शेठ, बिनधास." ताराचंदचा चेहरा उजळला. ते झपझप आत आले, रणगाडा ठाण्यावर ठेवला आणि पुंडलिकरावांना म्हणाले, "कौल झाला. ठाणं गेलं तुमचं." पुंडलिकरावांनी दोन्ही हात जोडले. "जितले तुम्ही, शेठ."

तेव्हापासून दर इतवारी हेच. पुंडलिकराव हरायला आंजीहून येतात. शिकवलेला खोटा कौल, तोही दर वेळी नव्या माणसाकडून, कारण कौल देणारा खेळ माहीत असलेला चालत नाही ही रीत ताराचंद अजून विसरलेले नाहीत. ओमप्रकाश पुढे होऊन "मी सांगतो ना" म्हणाले, तर शेठनी त्यांना हाकलून दिलं. "तू रोज पाहतं. तुहा कौल चालत नाई." कधी पुंडलिकरावांना बाहेर निघायला उशीर होतो. वय त्यांचंही झालं, गुडघे धरतात. मग ताराचंद आधी पायरीवर पोचतात, कोणी तरी भला माणूस विचार करून खरं उत्तर देतो, आणि तो सगळा दिवस त्या घरात मनगट धरून बसायचा होतो.

तेव्हा ऐका. इतवारी दुपारी नालवाडीतून जाणं झालं आणि भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवरून एखाद्या म्हाताऱ्याने हाक मारली, तर मोबाइल खिशात ठेवा आणि थांबा. तो बंडीचं विचारेल, नदीचं विचारेल. तुमची हुशारी तिथे पाजळू नका. बैल, छाती, दम, काही आठवू नका. त्याच्या डोळ्यांत पाहून मोठ्याने सांगा: "हाव शेठ, हाकलता येते." आणि चहा दिला तर पिऊन जा.